मुलाला शिकवणी लावताना पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गणिताच्या शिकवण्या घेते. आधी डोंबिवलीत, मग पुण्यात, मिळून पंचवीसेक वर्षं झाली. पाचवी ते दहावी, बहुतेक वेळा मुलांच्या घरी जाऊन. मधली काही वर्षं माझ्याच हॉलमध्ये चार-पाच जणांची बॅच होती. नवीन पालकांचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "मॅडम, फी किती?" माझ्या मते तो दहावा प्रश्न आहे, म्हणून इथेही तो दहावाच ठेवलाय. मी याच धंद्यातली आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

१. शिकवणीची खरंच गरज आहे का, हे कसं ओळखायचं?

नुसत्या मार्कांवरून कळत नाही. शेवटच्या घटक चाचणीचा तपासलेला पेपर घ्या, मुलाला शेजारी बसवा आणि चुकलेली उदाहरणं पुन्हा सोडवायला सांगा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. निम्मी आता बरोबर आली, तर येतंय त्याला. पेपरात घाई होते किंवा वेळ पुरत नाही. अशा मुलाला घड्याळ लावून सराव द्या, शिकवणीचे पैसे वाचतील.

उदाहरणाकडे नुसता बघत बसला, तर तेच उदाहरण तुम्ही सावकाश, मोठ्याने वाचून दाखवा. आता सुटलं? मग अडचण गणितात नाही, वाचनात आहे. हे फार मुलांच्या बाबतीत होतं. "मॅडम, यात बेरीज करू की वजाबाकी?" असं विचारणारी बरीच मुलं वाक्य शेवटपर्यंत वाचतच नसतात.

तरीही सुटलं नाही, तर मागे मागे जा. सातवीतल्या मुलाला ४००३ वजा १७८६ करायला द्या. मधली दोन शून्यं ओलांडून हातचा आणता येतो का, ते बघा. मग १/२ अधिक १/३ द्या. उत्तर २/५ आलं, तर सातवीचं बीजगणित घोटून काही होणार नाही, तो अजून पाचवीच्या अपूर्णांकांत आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. मागच्या दोन इयत्तांची काढून ठेवा, तपासायला तीच पुरतात. लहान मुलांसाठी 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीतली चाचणी मराठीत मिळते: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. दहा मिनिटांत मूल कुठल्या पायरीवर आहे ते कळतं.

आणि हो, डोळे तपासून घ्या. फळ्यावरची ६ची ८ करून उतरवणारी एक मुलगी माझ्याकडे "बेफिकीर" म्हणून आली होती. चष्मा लागला आणि सहा महिन्यांनी माझी गरज संपली.

या सगळ्यातून एक वाक्य हाती यायला हवं. "त्याचं गणित कच्चं आहे" हे ते वाक्य नव्हे. "पाढे बारापर्यंत येतात, भागाकार जमतो, वेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांपासून गाडी अडते" हे ते वाक्य. शिक्षकांना पहिल्या फोनवर हेच सांगा.

२. वर्गातली सगळी मुलं लावतात. आपण नाही लावली तर मागे पडेल ना?

सगळी लावत नाहीत, तसं वाटतं. केंद्र सरकारच्या २०२५च्या शिक्षणविषयक नमुना पाहणीत देशभरातली साधारण २७ टक्के मुलं शिकवणी किंवा क्लासला जाताना आढळली, शहरांत ३०.७ टक्के, गावांत २५.५ टक्के. तुमच्या सोसायटीत प्रमाण जास्त असेलही. पण शेजारची जाते म्हणून आपलीही, या एका कारणावर आलेली मुलं माझ्या अनुभवात सगळ्यात कमी शिकली. त्यांना नक्की काय येत नाही, हे कोणी शोधलेलंच नसतं.

३. कितवीपासून लावावी? मुलगी दुसरीत आहे.

दुसरीत नको. रोज वीस मिनिटं घरातलं कोणीतरी शेजारी बसलं तर पुरे. आजोबा असतील तर उत्तमच. बसच्या पाट्या वाचणं, भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घेणं यातून त्या वयाचं गणित होतं.

तरी लावायचीच असेल, तर त्या बाईंना मराठी संख्यांची अडचण माहीत आहे का, ते विचारा. तोंडाने आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. लिहिताना आधी २, मग ५. 'एकोणचाळीस'मध्ये तर चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात ३ आणि ९. पुष्कळ मुलं इथे अडखळतात आणि पालकांना वाटतं, लक्ष नाही. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि मुलांना जोडाक्षरं नि उलटा क्रम जड जातो हाच त्यांचा मुद्दा होता. माझं मत विचाराल तर मुलांना दोन्ही शिकवावं. पण शिकवणाऱ्याला 'एकोणचाळीस' अवघड का, हेच समजत नसेल, तर ती व्यक्ती लहान मुलांसाठी नव्हे.

४. घरी येणारे सर, लहान बॅच की मोठा क्लास?

मागचं कच्चं राहिलंय: घरी येणारे सर किंवा मॅडम. येतं, पण एकट्याने बसवत नाही: चार-पाच जणांची बॅच, बरोबरीच्या मुलांबरोबर अभ्यास होतो. पाया पक्का आहे आणि नुसता सराव, टेस्ट सिरीज हवी: मोठा क्लास. उलट केलं की बिघडतं. कच्चं मूल ऐंशी जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जातं, कारण तिथे पोर्शन संपवायचा असतो, त्याच्यासाठी कोणी थांबत नाही.

आठवीपासूनच्या 'फाउंडेशन' बॅचबद्दल एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासने १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असं त्यांत आहे. बाजारात काय चालतं ते तुम्ही पाहताच.

५. शिक्षक शोधायचे कुठे?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा नावं येतात, पण शाळा सुटताना गेटवर उभे राहणारे पालक जास्त खरं सांगतात. पहिला आलेल्या मुलाच्या आईला विचारू नका. ते मूल कोणाकडेही पहिलंच आलं असतं. ज्याला ४५ होते आणि यंदा ६० पडले, त्याच्या आईला विचारा. तिला सरांचं नावही माहीत असतं आणि खोडही.

ॲप आणि एजन्सीतून मिळतात शिक्षक, पण बऱ्याच ठिकाणी पहिल्या महिन्याच्या फीचा मोठा भाग एजन्सी कापून घेते. त्यामुळे शिक्षक नाराजीने सुरुवात करतात आणि दुसऱ्या महिन्यात "आपण थेटच ठरवू" म्हणतात. एजन्सीचे पैसे कोण देणार, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

६. शाळेतल्याच बाईंकडे लावली तर? त्यांना मुलगा माहीत आहे.

नको. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २८नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, जी व्यक्ती पेपर काढते आणि तपासते तिलाच तुम्ही संध्याकाळी पैसे देताय. ज्यांची मुलं तिच्याकडे जात नाहीत त्यांना काय वाटेल? बाईंना मुलगा माहीत आहे तर पालकसभेत दहा मिनिटं मागून घ्या आणि तो नेमका कुठे अडतो ते विचारा. ती माहिती देणं त्यांचं कामच आहे, आणि नव्या शिक्षकांना तिचा फार उपयोग होतो.

७. डिग्री बघावी की अनुभव? इंजिनिअरिंगचा विद्यार्थी चालेल का?

नववी-दहावीला चालतो, कधी कधी उत्तम चालतो. मुलांना दादा वाटतो, म्हणून ती मोकळेपणी "कळलं नाही" म्हणतात. पण त्याची सेमिस्टर परीक्षा आली की नेमका तो गायब होतो. त्याच्या परीक्षांच्या तारखा विचारून घ्या.

पाचवी-सहावीच्या मुलाला मात्र सहसा नको. ज्याला गणित कायम सोपं गेलं त्याला ते अवघड कसं जातं हे दिसत नाही. "सोप्पंय रे, बघ" हे वाक्य मी अशा तासांना हजारदा ऐकलंय. बी.एड. असलं तर चांगलं, निवृत्त शिक्षक असले तर शिस्त असते. पण माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात चांगल्या मॅडम बी.कॉम. होत्या आणि शाळेत असताना स्वतः भूमितीत दोनदा नापास झालेल्या.

८. सेमी-इंग्रजी, स्टेट बोर्ड, सीबीएसई... याने फरक पडतो का?

पडतो, आणि पालक हे विचारायचंच विसरतात. सेमीच्या मुलाचं गणित इंग्रजीत असलं तरी घरात, आजीशी बोलताना ते मराठीतच राहतं. मसावि-लसावि हे शब्द न ऐकलेले सर आले की दोघं एकमेकांकडे बघत बसतात. स्टेट बोर्डाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. शिवाय २० गुण अंतर्गत. भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी लिहावी लागते, नुसतं उत्तर काढून भागत नाही. सीबीएसईत ८० गुणांचा एकच पेपर, आणि दहावीला स्टँडर्ड की बेसिक हे निवडावं लागतं. एका बोर्डात मुरलेले सर दुसऱ्यात शिकवू शकतात, पण त्यांना विचारा: "गेल्या वर्षी या बोर्डाची किती मुलं होती तुमच्याकडे?"

९. डेमो तासाला नक्की काय बघायचं?

आधी एक विनंती. डेमोला त्यांना हवा तो धडा शिकवू देऊ नका. प्रत्येकाचं एक ठेवणीतलं प्रकरण असतं, माझंही आहे. तुमच्या मुलाला जे येत नाही तेच द्या.

मग दाराशी, त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही इतक्या लांब बसा आणि एकच गोष्ट बघा: पेन्सिल कोणाच्या हातात आहे? तासातला बहुतेक वेळ ती सरांच्या हातात असेल, तर तुम्ही एक सुंदर व्याख्यान बघताय. मूल मान हलवेल, "कळलं" म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी कोरंच असेल. मुलाच्या हातात असेल, ते खोडत असेल, सर गप्प असतील, तर तास चांगला चाललाय. बाहेरून कितीही संथ दिसला तरी.

प्रश्न विचारल्यावर किती थांबतात तेही मोजा. मनात सावकाश दहा आकडे म्हणा. बहुतेक जण तीनच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकतात. शांतता सहन होत नाही आम्हा शिक्षकांना, हा आमचा धंद्याचा रोग आहे.

चूक झाल्यावर पहिलं वाक्य काय येतं? "हे कसं काढलंस ते सांग" असं आलं, तर त्या व्यक्तीला घट्ट धरून ठेवा. वरच्या २/५ वाल्या मुलाचंच बघा. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. त्याच्या डोक्यात नियम आहे, फक्त चुकीचा आहे. तो आधी बाहेर यायला हवा. नुसतं "चूक, छेद समान करायचे" म्हटलं तर आज तो समान करेल आणि परीक्षेत पुन्हा २/५ लिहील. त्यापेक्षा अर्धी भाकरी आणि एक तृतीयांश भाकरी मिळून अर्धीपेक्षा कमी भरेल का, एवढं विचारलं तरी मूल स्वतःच हसतं. २/५ म्हणजे अर्ध्याहून कमी, हे त्याचं त्यालाच दिसतं.

डेमो झाल्यावर मुलाला "आवडले का सर?" असं विचारू नका, ते "हो" म्हणतं. "काय शिकलास ते मला शिकव" म्हणा. आणि डेमोचे पैसे द्या. एक तास दिलाय त्यांनी.

१०. फी किती असावी?

आता हा प्रश्न. शहर, इयत्ता, विषय आणि सरांना यायला लागणारा वेळ यांवर ती ठरते. कोथरूडचा दर सांगलीला लावून उपयोग नाही. आपल्याच भागातल्या तिघांना विचारा आणि महिन्याच्या आकड्याचा तासाचा आकडा करून मग तुलना करा. महिन्याला ४,८०० आणि आठवड्याला तीन तास म्हणजे तासाला सुमारे ४००. दुसरे ४,००० म्हणतात, पण आठवड्याला दोनच दिवस येतात, म्हणजे ते ५०० घेतायत. स्वस्त वाटलेले महाग निघतात ते इथे.

वर्षाची फी आगाऊ कोणी मागितली तर देऊ नका, मग सवलत कितीही असो. महिन्याची महिन्याला. मोठ्या क्लासच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. घरगुती शिक्षकांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर त्यांना नोंदणी लागत नाही, तेव्हा जीएसटीच्या नावाने त्यांनी जास्तीचे मागायचं कारण नाही.

घासाघीस जरूर करा, पण एकदाच, सुरुवातीला. दर महिन्याला "या वेळी दोन तास कमी झाले ना" असा हिशोब निघू लागला की चांगली माणसं तुमच्याकडे टिकत नाहीत. मी स्वतः दोन घरं याच कारणाने सोडली.

११. आधी काय काय ठरवायचं? लिहून घ्यावं का?

करारनामा नको, व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरतो. मी स्वतः पाठवते तो साधारण असा असतो:

"सोम, बुध, शुक्र ६ ते ७. विषय गणित. सहामाहीपर्यंत अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, शेकडेवारी पूर्ण करायची, शाळेचा चालू धडा त्यानंतर. फी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. मी सुट्टी घेतली तर तास भरून देईन. तुमच्याकडून रद्द असेल तर आदल्या रात्री कळवावं. ऐन वेळी कळवल्यास तास धरला जाईल. गणपतीत पाच दिवस आणि दिवाळीत आठवडाभर सुट्टी, त्याची फी कापायची नाही. मे महिन्यात तास नाहीत, फीही नाही. थांबवायचं असल्यास दोन्ही बाजूंनी १५ दिवस आधी सांगायचं."

भांडणं बहुतेक तीनच गोष्टींवर होतात: मे महिना, ऐन वेळी रद्द झालेला तास आणि पाहुणे आल्यावर "आज नको". तिन्ही वर आलेल्या आहेत. "सहामाहीपर्यंत अमुक" ही ओळ मात्र पालक वाचतच नाहीत. तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यामुळे शिकवणीला शेवट येतो.

१२. अनोळखी माणूस घरात येणार. सुरक्षिततेचं काय?

तास हॉलमध्ये, दार उघडं, घरात एक मोठं माणूस. हा नियम सरांसाठी, मॅडमसाठी, ओळखीच्या काकांसाठीही, अपवाद नाही. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही. मला तर हायसंच वाटतं.

आधार कार्ड बघून घ्या, आधीच्या दोन पालकांशी स्वतः फोनवर बोला. हवं तर पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा. महाराष्ट्रात त्यासाठी त्यांना स्वतःला ऑनलाइन अर्ज करता येतो. शिक्षक आणि मूल यांचे वेगळे चॅट नकोत. गृहपाठाचे फोटो तुमच्या नंबरवर किंवा तुम्ही असलेल्या ग्रुपवर येऊ देत.

मूल अचानक "मला त्यांच्याकडे नको" म्हणू लागलं, तर आळस समजून पुढे ढकलू नका. तास थांबवा, मग शांतपणे विचारा. काही गैर घडल्याची शंका आली, तर लहान मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास आहे, आणि पॉक्सो कायद्याखाली (२०१२) पोलिसांत तक्रार देता येते. "आपली बदनामी होईल" म्हणून गप्प राहिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. ती माणसं मग पुढच्या घरी शिकवायला जातात.

मारणाऱ्यांना दुसरी संधी द्यायची नाही. "आम्हीही मार खाऊनच शिकलो" हे आजोबांचं वाक्य त्या दिवशी ऐकायचं नाही.

१३. ऑनलाइन शिकवणी चालते का?

आठवीपुढे, स्वतःहून बसणाऱ्या मुलाला चालते. मात्र कॅमेरा मुलाच्या चेहऱ्याऐवजी वहीवर हवा; दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर मोबाइल उलटा ठेवला की काम होतं. वही दिसत नसेल तर पेन्सिल कोणाच्या हातात आहे ते मला कळत नाही, आणि मग मी पुन्हा व्याख्यान देऊ लागते.

१४. तीन शिक्षक बदलले, तरी वाचन-लेखन जमत नाही. तोंडी मात्र सगळं येतं.

चौथे शोधू नका. ही खूण शिकण्यातल्या अडचणीची, म्हणजे अध्ययन अक्षमतेची असू शकते. साधारण आठ वर्षांच्या पुढे तिची नीट तपासणी करता येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी खास विभाग आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असलं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तपासण्यांना महिने लागतात, म्हणून दहावीची वाट पाहू नका. नंतर शिकवणी लावली तरी ती अशा मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीची लावा. नेहमीच्या शिकवणीत तेच तेच पुन्हा होतं आणि मूल स्वतःला "ढ" समजू लागतं. तेच सगळ्यात वाईट.

१५. फरक पडतोय की नाही, हे कधी आणि कसं कळेल?

सहा ते आठ आठवडे द्या, मार्कांसाठी त्याहून जास्त. आधी बदलतो तो गृहपाठ. वही स्वतःहून उघडली जाते, "येत नाही" ऐवजी "ही पायरी येत नाही" ऐकू येतं.

एक वाईट लक्षण: शाळेचा गृहपाठ अचानक निर्दोष होतो आणि चाचणीत तेच ३०-३५ टक्के राहतात. म्हणजे गृहपाठ सर करतायत. त्यांचा दोष कमी, आपला जास्त, कारण "आज शाळेचा गृहपाठ पूर्ण झाला का?" हे रोज आपणच विचारतो, आणि मग ते तोच पूर्ण करतात. हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी शिकवणी लावण्याआधी तपासायला दिलेली उदाहरणं महिन्यातून एकदा, आकडे बदलून, तुम्हीच घाला.

१६. मोठ्या क्लासने फी परत द्यायला नकार दिला. आता?

मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी हिशोबाने १० दिवसांत परत द्यावी, असं २०२४च्या त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. आधी लेखी मागा, ई-मेलवर. नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ला तक्रार नोंदवा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असली तर तिथे अर्जाचं शुल्क नाही. पावत्या जपून ठेवलेल्या असल्या पाहिजेत. रोख दिलेले आणि पावती न घेतलेले पैसे गेले असंच समजा.

१७. नात अमेरिकेत आहे, तिला मराठी शिकवायला इथल्या बाई लावायच्या आहेत.

छान. पण वेळेचं गणित आधी करा. कॅलिफोर्नियात शनिवारी सकाळचे साडेसात म्हणजे इथे उन्हाळ्यात रात्रीचे आठ, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलली की नऊ. बाईंना रात्री नऊ चालणार का, ते आत्ताच विचारा, नाही तर मार्चपर्यंत खंड पडतो. तिच्या गावात बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची मराठी शाळा असेल तर आधी तिथे घाला, बरोबरीची मुलं भेटतात. बाईंना इथल्या पहिलीचं पुस्तक सुरू करू देऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीला कमळ-बदक लाजिरवाणं वाटतं. आजीच्या पोह्यांची कृती, क्रिकेटचं समालोचन, तिला हसू येईल असं काहीही चालेल.

१८. शिकवणीच्या फीवर आयकरात सवलत मिळते का?

नाही. जुन्या करपद्धतीत जी 'ट्युशन फी' चालते ती शाळा-कॉलेजची, पूर्ण वेळ शिक्षणाची. नावामुळे दरवर्षी लोक फसतात.

१९. बंद कशी करायची? सरांना वाईट वाटेल.

एकदम तोडू नका. तीन दिवसांचा एक दिवस करा, मुलाने आठवडाभर एकट्याने केलेलं फक्त त्या दिवशी दाखवायचं. महिना-दीड महिना असं जमलं की थांबा, आणि चाचणीच्या आधी एखाद-दुसरा तास लागला तर घ्या. पंधरा दिवस आधी सांगा, उरलेली फी त्याच दिवशी द्या, वह्या मागून घ्या. पटत नसल्याने बंद करत असाल तर "क्लास बदलतोय" असल्या सबबी नकोत, "आमच्या मुलाला ही पद्धत जमत नाहीये" एवढं म्हणा. आम्हाला कळतं. वाईट वाटतं ते फोन उचलणं बंद केल्यावर.

२०. सरांना चहा द्यावा का?

द्यावा, पण तास संपल्यावर. सुरुवातीला दिला की चहा, मग आजोबा बाहेर येतात, मग क्रिकेट, आणि सहाचा तास सव्वासहाला सुरू होतो. महिन्याला बारा तास धरले तर तीन तास गेले, तेही तुमच्याच पैशांनी. माझा चहा बिनसाखरेचा.